एका मिनिटाचा फोटो आणि वकील

वकील म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काळा कोट आणि न्यायालय येते. पण काही वकिलांचा बराच वेळ प्रयोगशाळेत जातो. ते शास्त्रज्ञांजवळ बसून नवे यंत्र समजून घेतात आणि ते कागदावर उतरवतात. वकील, हक्क, दावा, मुदत हे शब्द तुम्हांला उर्दूतून ओळखीचे आहेतच. या पाठात एक शब्द कदाचित नवा वाटेल, तो म्हणजे पेटंट. मराठीत त्याला 'एकस्व' असेही म्हणतात.

१९४३ साली अमेरिकेतील पोलरॉइड कंपनीचे संस्थापक एडविन लँड सुटीत सांता फे या शहरी गेले होते. तेथे त्यांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलीचा फोटो काढला. फोटो लगेच का दिसत नाही, असे तिने विचारले. त्या काळी फिल्म धुऊन फोटो हाती येईपर्यंत वाट पाहावी लागे. लँड विचार करत फिरायला निघाले. तासाभरात नव्या कॅमेऱ्याची कल्पना त्यांच्या मनात तयार झाली. मग ते कोठे गेले असतील? योगायोगाने कंपनीचे पेटंटचे वकील त्याच शहरात उतरले होते. लँड घाईघाईने त्यांच्याकडे गेले व सारे काही सविस्तर सांगितले.

एवढी घाई कशाला? अमेरिकेत त्या वेळी एकाच शोधावर दोघांनी हक्क सांगितला, तर तो आधी कोणी लावला हे पाहिले जाई. शिवाय पेटंट हा शोधक आणि सरकार यांच्यातील एक सौदा आहे. शोधकाने आपली युक्ती न लपवता लिहून द्यायची. त्या बदल्यात ठराविक मुदतीपर्यंत त्याच्या परवानगीशिवाय ती कोणी वापरू शकत नाही. भारतात ही मुदत अर्जापासून २० वर्षे आहे. ती संपली की युक्ती सर्वांची होते.

हे लिहिणे मोठे अवघड काम आहे. समजा, तुम्ही बटण दाबताच उघडणारी छत्री शोधून काढली. वकिलाने 'लाल मुठीची छत्री' असे लिहिले, तर दुसरा काळ्या मुठीची करून विकेल. 'पावसापासून वाचवणारी कोणतीही वस्तू' असे लिहिले, तर पेटंट कार्यालय म्हणेल, यात नवे काय? म्हणून एकेक शब्द तोलावा लागतो.

लँड यांचा कॅमेरा १९४८ साली बाजारात आला. फोटोच्या कागदाबरोबरच रसायनाची छोटी पिशवी असे. दोन रुळांमध्ये ती दाबली जाई, रसायन पसरे आणि सुमारे मिनिटभरात फोटो तयार होई. लोकांना तर ही जादूच वाटली!

एप्रिल १९७६ मध्ये कोडॅक या बलाढ्य कंपनीनेही असा कॅमेरा आणला. आठवड्याच्या आतच पोलरॉइडने दावा ठोकला. सुनावणी १९८१ मध्ये सुरू झाली व ७५ दिवस चालली. रसायनशास्त्रातील बारकावे न्यायाधीशांना समजावून सांगणे हे वकिलांचेच काम होते. १९८५ मध्ये न्यायाधीश राया झोबेल यांनी निकाल दिला. दहापैकी सात पेटंटांचा कोडॅकने भंग केला होता.

जानेवारी १९८६ मध्ये कोडॅकला हा व्यवसाय बंद करावा लागला. तोपर्यंत असे सुमारे १ कोटी ६५ लाख कॅमेरे विकले गेले होते. पोलरॉइडची फिल्म त्यांत बसत नव्हती. ज्यांनी विश्वासाने कॅमेरा घेतला, त्यांना आता फिल्म कोठून मिळणार? या बिचाऱ्यांचा भांडणाशी काहीच संबंध नव्हता.

मग भरपाईचा प्रश्न आला. जाणूनबुजून पेटंट मोडले असेल, तर अमेरिकेत न्यायालय भरपाई तिप्पट करू शकते. पोलरॉइडने तशी मागणीही केली. पण कॅमेरा बाजारात आणण्यापूर्वी कोडॅकने पेटंटच्या वकिलाचा सल्ला प्रामाणिकपणे घेतला होता, असे न्यायालयाला दिसले. तो सल्ला चुकीचा ठरला खरा, तरी त्यामुळेच कोडॅक तिप्पट भरपाईतून वाचली! अखेर १९९१ मध्ये ९२ कोटी ५० लाख डॉलर देऊन कोडॅकने प्रकरण मिटवले. त्याच वर्षी मार्च महिन्यात लँड वारले. त्यांच्या नावावर अमेरिकेत ५३५ पेटंटे होती.