आखाड्यावरचं लग्न आणि उजेडाचा हिशेब

"काका, हॉल नको. आपल्या आखाड्यावरच अक्षता पडू द्या," पुतणी म्हणाली. नोकरी पुण्यात, पण तिचं बालपण नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात, त्याच शेतात गेलेलं. दगडी गोठा, पुढं खळं, बाजूला चिंच आणि विहीर. सगळ्यांना कल्पना आवडली. घरातला थोरला म्हणून मांडव, जेवण आणि लायटिंग माझ्याकडं आलं. मांडव आणि जेवणाचा मी पै-पैचा हिशेब केला. लायटिंगवाल्याला मात्र एकच वाक्य बोललो, "उजेड भरपूर पाडा." त्या वाक्यापायी आमच्या मावशीचा खुबा मोडला आणि त्याहून मोठं संकट थोडक्यात टळलं. हौसेनं शेतात लग्न करणारी घरं आता आपल्याकडं दिसू लागली आहेत, म्हणून जे झालं ते सांगतो.

मुहूर्त गोरज होता. एप्रिलअखेरीस आपल्याकडं पावणेसातच्या सुमारास दिवस मावळतो. पण परण्या निघायला उशीर, मग पुढाऱ्यांचे सत्कार, आशीर्वादाची भाषणं. मंगलाष्टकं सुरू व्हायला आठ वाजले. आपल्याकडचं गोरज लग्न हे रात्रीचंच लग्न, हे मी आधीच धरायला हवं होतं.

लायटिंगवाल्यानं गोठ्याभोवती बांबूंना 500 वॉटचे 24 हॅलोजन बांधले. वीज घेतली मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीतून. मी ते पाहिलं आणि गप्प बसलो. शेतीच्या फीडरला थ्री-फेज वीज पाळीनं येते. ऐन मंगलाष्टकात पाळी संपली. जनरेटर होता 15 केव्हीएचा. त्याची ताकद साधारण 12 किलोवॉट, आणि नुसते हॅलोजनच 12 किलोवॉटचे. वर साऊंड, वर कूलर. तासाभरात तो तीनदा बंद पडला. तिसऱ्या खेपेला मावशी हात धुवायला निघाली होती. लख्ख उजेडातून एकदम काळोख झाला की डोळ्यांना सावरायला वेळ लागतो, म्हाताऱ्या डोळ्यांना जास्तच. ती पाटात पडली.

मग वारं सुटलं आणि अवकाळीचे चार थेंब आले. पेटता हॅलोजन बल्ब अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर तापलेला असतो. त्यावर पाणी पडताच एकाची काच तडकली आणि तापलेले तुकडे कडब्याच्या गंजीवर उडाले. आमच्या सालगड्याला धूर दिसला. त्यानं आधी ओरडून जनरेटर बंद करायला लावला, मग हौदातलं पाणी ओतलं. गंजीला लागून गोठा, आणि गोठ्याला लागून सहाशे माणसांचा मांडव. त्याची नजर तिकडं गेली नसती तर काय झालं असतं, हे मी आजही घरात बोलत नाही.

अशा आगी झालेल्या आहेत. तमिळनाडूत श्रीरंगमला 23 जानेवारी 2004 रोजी शाकारलेल्या लग्नमांडवाला आग लागली. ठिणगी व्हिडिओ शूटिंगसाठी ओढलेल्या विजेच्या तारेतून पडली होती. नवरदेवासह पन्नासहून अधिक माणसं गेली. हरियाणातल्या डबवालीत 23 डिसेंबर 1995 रोजी शाळेच्या कार्यक्रमात कापडी मांडव पेटला, त्यात चारशेहून जास्त जीव गेले, निम्म्याहून अधिक लेकरंच. वाळका कडबा, कापडी छत आणि विजेची तार यांची गाठ कुठंच चांगली नाही.

पुढच्या वर्षी माझ्याच मुलीचं लग्न लातूरजवळ औसा तालुक्यात, व्याह्यांच्या शेतात झालं. तेव्हा उजेडाचं काम मी सगळ्यात आधी हातात घेतलं. काय केलं ते क्रमानं सांगतो.

पहिली गोष्ट वीज. मोटारीच्या जोडणीवरून लग्न उजळणं हा विद्युत कायदा 2003 च्या कलम 126 प्रमाणं अनधिकृत वापर ठरतो, आणि तारेवर आकडा टाकणं ही कलम 135 प्रमाणं चोरी. आम्ही महावितरणकडून तात्पुरती जोडणी घेतली, जनरेटर जोडीला ठेवला. परवानाधारक वायरमनकडून जनरेटरला अर्थिंग करून घेतलं, बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. ओल्या जमिनीवर उघडा जोड राहिला तर जीव वाचवणारी वस्तू हीच. दिव्यांचे वॉट कागदावर मांडले, बेरीज केली आणि मगच जनरेटर ठरवला. दिव्यांसाठी आणि साऊंडसाठी लाइनी वेगळ्या काढल्या, म्हणजे एक बंद पडली तरी दुसरी चालू राहते.

दुसरी गोष्ट आग. हॅलोजन एकही नको, असं बजावून सांगितलं. 500 वॉटच्या हॅलोजनचं काम 100 वॉटचा चांगला एलईडी फोकस करतो आणि तापतो फार कमी. आमचे सगळे दिवे मिळून तीन किलोवॉटच्या आत बसले. कडब्याची गंजी आणि सोयाबीनचं भुसकट आठ दिवस आधी पलीकडच्या वावरात हलवलं. बैलं आणि म्हशी शेजाऱ्याच्या गोठ्यात नेल्या, कारण उजेड आणि बँडच्या आवाजानं जनावर बिथरतं. उघड्यावरचे दिवे पाऊस सोसणारे, म्हणजे आयपी 65 लिहिलेले घेतले. आग विझवण्याची दोन नळकांडी आणि वाळूच्या बादल्या बोर्डाजवळ ठेवल्या. विजेच्या आगीवर पाणी मारायचं नाही, हे पोरांना समजावून सांगितलं.

तिसरी गोष्ट वाट. पाहुण्याला स्टेज दिसण्याआधी पायाखालचं दिसलं पाहिजे. गाड्या लावायच्या जागेपासून मांडवापर्यंत, हात धुवायच्या जागेला, न्हाणीघराच्या वाटेला आणि पाटाच्या कडेनं गुडघ्याएवढ्या उंचीवर छोटे दिवे लावले. विहिरीला कठडा बांधला आणि तिच्यावर स्वतंत्र दिवा ठेवला. या दिव्यांना बॅटरीचा आधार दिला. मुख्य वीज गेली तरी वाट दिसत राहिली.

चौथी गोष्ट चेहरा. हळदीच्या अंगाला आणि पिवळ्या अष्टपुत्रीला निळसर-पांढरा उजेड मारतो. डब्यावर 6500 केल्व्हिन लिहिलेला दिवा चेहरा फिकट करतो. 2700 ते 3000 केल्व्हिनचा पिवळसर दिवा घ्या. दगडी भिंत त्यात उबदार दिसते, आणि निळसर दिव्यापेक्षा त्याच्याकडं किडेही कमी येतात. त्यामुळं ताटात पडतही नाहीत. नवरा-नवरीवर गुलाबी-निळे रंगीत दिवे सोडू नका, हळदीचा रंग फोटोत हरवतो. फोकस समोरून डोळ्यांत नको, दोन्ही बाजूंनी उंचावरून द्या. स्वस्त एलईडी कॅमेऱ्यात लुकलुकतात, फोटोत पट्टे उमटतात. म्हणून आदल्या रात्री फोटोग्राफरला बोलावून दिवे लावून पाहा.

शोभा सगळ्यात शेवटी. तिथं हात आखडता घ्या. चिंचेखाली पिवळ्या बल्बांच्या माळा, गोठ्याच्या भिंतीवर खालून वर सोडलेले चार दिवे, तुळशीपुढं पणत्या, एवढं आम्हाला पुरलं. जुन्या माळवदाच्या तुळईला झुंबर टांगायचा हट्ट धरू नका, लाकूड आतून पोखरलेलं असू शकतं. शेताचं सौंदर्य आजूबाजूच्या अंधारात आणि वरच्या चांदण्यात असतं. सगळं वावर लख्ख केलं तर हॉल सोडून शेतात कशाला यायचं?

मावशी आता काठी घेऊन चालते. माझ्या मुलीच्या लग्नाला ती आली आणि त्या उजळलेल्या वाटेवरून कुणाचा हात न धरता हात धुवायला गेली. तुमच्या घरी शेतात लग्न ठरलं असेल, तर तारखेच्या आदल्या आठवड्यात एका रात्री आखाड्यावर जा. सगळे दिवे बंद करा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन त्या वाटेनं चाला. जिथं त्याचं पाऊल अडखळेल, तिथं पहिला दिवा लावा.