उपकार नव्हे, हक्क : चळवळ समाज कसा बदलते?



'चळवळ' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोर्चा, घोषणा, उपोषण, रास्ता रोको असे चित्र उभे राहते. पण ही चळवळीची साधने झाली. मोर्चा संध्याकाळी संपतो, मंडप उतरवला जातो, माणसे घरी परततात. त्यानंतर मागे काय उरते? जे उरते त्यावरून चळवळीने समाज बदलला की नाही, हे ठरते. हा मुद्दा नीट समजावा म्हणून आज आपण एका चळवळीचा अभ्यास करू या. ती आहे माहितीच्या अधिकाराची चळवळ.

सुरुवात मजुरीपासून

आजच्या राजस्थानातील राजसमंद जिल्ह्यात देवडूंगरी नावाचे लहानसे खेडे आहे. १९७५ साली सनदी नोकरी सोडून समाजकार्यात आलेल्या अरुणा रॉय, त्यांचे सहकारी निखिल डे आणि शंकर सिंह हे १९८७ साली तेथे एका साध्या घरात राहू लागले. दुष्काळी कामांवर राबणाऱ्या मजुरांना सरकारने ठरवलेली किमान मजुरीसुद्धा पूर्ण मिळत नव्हती. १ मे १९९० रोजी 'मजदूर किसान शक्ती संघटन' स्थापन झाले ते या मजुरीसाठी. 'माहितीचा अधिकार' हे शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हते.

मजूर पैसे मागायला गेले की उत्तर मिळे, "तुम्ही पुरेसे काम केलेले नाही, आमच्या कागदांत तशी नोंद आहे." मजूर म्हणत, "मग तो हजेरीपट दाखवा." त्यावर उत्तर येई, "तो सरकारी कागद आहे, दाखवता येणार नाही." येथेच लोकांच्या ध्यानात आले की आपली मजुरी त्या बंद कागदांत अडकली आहे. पोटाचा प्रश्न कागदापर्यंत जाऊन पोहोचला.

जनसुनावणी : गावासमोर वाचन

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी झाली. तिची रीत अगदी साधी होती. मिळवलेली बिले आणि हजेरीपट सर्व गावासमोर मोठ्याने वाचायचे आणि लोकांनी खरे काय ते सांगायचे. जे कामावर गेलेच नव्हते, त्यांची नावे हजेरीपटावर निघाली. कागदावर पूर्ण झालेले बांधकाम प्रत्यक्षात अर्धवट होते. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, तेच या सभेतील सर्वात भक्कम साक्षीदार ठरले, कारण काम कोणी केले हे त्यांना डोळ्यांनी ठाऊक होते.

पुढे एप्रिल १९९५ मध्ये राजस्थानच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत आश्वासन दिले की, लोकांना पंचायतीच्या कामांच्या कागदांच्या प्रती मिळतील. वर्ष लोटले, आदेश निघाला नाही. तेव्हा ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावर शहरात चाळीस दिवसांचे धरणे झाले. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही तेथील घोषणा होती. गावच्या मजुरांसाठी शहरातील माणसांनी धान्य, भाजी, पैसे दिले. पत्रकार आले, वकील आले. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपल्या महाराष्ट्राचे सुपुत्र. त्यांच्या पुढाकाराने कायद्याचा एक मसुदा तयार झाला.

१९९७ साली तमिळनाडू आणि गोवा येथे कायदे झाले, २००० साली राजस्थानात झाला. महाराष्ट्रातील पहिला कायदा दुबळा होता. त्याच्या जागी २००२ चा अधिक सक्षम कायदा आला आणि त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळावी म्हणून अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केले. अखेर १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा कायदा पूर्णपणे लागू झाला.

या इतिहासातून आपण काय शिकतो?

राज्यकारभाराची माहिती मिळवण्याचा लोकांना हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच एका निकालात म्हटले होते. मग सामान्य माणसाला तो हक्क वापरता येईपर्यंत तीस वर्षे का लागली? कारण तत्त्व न्यायालयाने सांगितले, तरी त्यासाठी रस्त्यावर बसणारी माणसे तेव्हा उभी राहिली नव्हती. तत्त्वाला माणसांची साथ लागते आणि माणसांच्या रागाला तत्त्वाची. दोन्ही एकत्र आली तेव्हा कायदा झाला.

तत्त्वज्ञानात उपकार आणि हक्क यांत एक महत्त्वाचा भेद करतात. उपकार नाकारला तर देणाऱ्याला दोष देता येत नाही. हक्क नाकारला तर तो अन्याय ठरतो. चळवळीपूर्वी मजूर कचेरीत जाऊन "साहेब, मेहेरबानी करून कागद दाखवा" म्हणत होता. आज अर्जदाराला माहिती कशासाठी हवी, याचे कारणही सांगावे लागत नाही. उलट नकार द्यायचा असेल तर कारण अधिकाऱ्याला लिहून द्यावे लागते. चळवळ समाज बदलते तो असा. काल ज्यासाठी हात जोडावे लागत होते, ते आज ताठ मानेने मागता येते.

कायदा झाला म्हणजे काम संपले?

नाही. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांनी या कायद्याच्या आधारे जमिनींचे गैरव्यवहार उघड केले. जानेवारी २०१० मध्ये त्यांची हत्या झाली. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याचे अधिकार केंद्र सरकारकडे गेले. पूर्वी ते कायद्यातच निश्चित होते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने व्यक्तीविषयीची माहिती नाकारण्याची वाट अधिक रुंद केली, असा चळवळीतील अनेकांचा आक्षेप आहे. आयोगांकडे अपिले वर्षानुवर्षे पडून राहतात. काही जण हा कायदा केवळ सूड उगवण्यासाठी वापरतात, हेही खरे आहे. विहीर खोदून झाली तरी गाळ काढत राहावे लागते, तसेच मिळवलेल्या हक्काचे आहे.

म्हणून चळवळीचा दुसरा अर्धा भाग आपल्यासारख्या घरी बसलेल्या माणसांच्या हाती आहे. आपल्या गावच्या रस्त्यावर किती खर्च झाला, रेशन दुकानात किती धान्य आले, गटाराच्या कामाचे मोजमाप काय, हे विचारायला मोर्चा काढावा लागत नाही. एक साधा अर्ज आणि दहा रुपये शुल्क पुरते. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही माफ आहे. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. न मिळाल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे पहिले अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. शुभवर्तमानातील ती विधवा न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा गेली. तिच्या हाती सत्ता नव्हती, चिकाटी होती.

लघु ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी

१. आपल्या गावात अशी कोणती गोष्ट आहे, जी आपला हक्क असूनही आपण उपकार म्हणून मागतो?

२. सभेत न बोलणाऱ्या, पण सत्य डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांचे आपण ऐकतो का?

३. हाच हिशेबाचा नियम आपण आपल्या मंडळांना, पतपेढ्यांना आणि धर्मग्रामाच्या जमाखर्चालाही लावायला तयार आहोत का?

तिसऱ्या प्रश्नाची चर्चा सर्वात आधी व्हावी, असे मला वाटते. दुसऱ्याकडे हिशेब मागणाऱ्याने आपली वही उघडी ठेवायला हवी.