स्वयंचलित घराचे नियोजन

स्वयंचलन ही केवळ आजच्या काळाची देणगी नव्हे. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०३ साली खडकवासला धरणावर स्वयंचलित दारे बसविली. पाणी ठरावीक पातळीवर चढले की ती आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. माणूस जवळ नसतानाही त्याचे काम यंत्राने बिनचूक करावे, हेच स्वयंचलनाचे मूळ तत्त्व होय.

बंगळूरच्या आग्नेयेस असलेल्या बेळ्ळंदूर येथे घर बांधू इच्छिणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करा. मुलगा व सून दिवसभर नोकरीवर आणि घरी वृद्ध आई एकटी. अशा घराचे नियोजन कसे करावे?

प्रथम उपकरणांची नव्हे, गरजांची यादी करावी. आई रात्री उठल्यावर वाटेतला दिवा आपोआप लागावा. गच्चीवरील टाकी भरताच पंप बंद व्हावा. गॅसगळती झाल्यास भोंगा वाजावा. सिलिंडरमधील स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो. म्हणून त्याचा संवेदक जमिनीलगत बसवावा लागतो.

दुसरी पायरी तारांची. पुष्कळ घरांत स्विचच्या पेटीत न्यूट्रल तार आणलेली नसते. ती थेट दिव्याकडे जाते. स्वयंचलित स्विचला मात्र स्वतःसाठीही थोडी वीज सतत लागत असल्याने बहुधा तेथे न्यूट्रल तारेची गरज भासते. ही तरतूद गिलाव्यापूर्वी केली नाही, तर पुढे भिंत फोडावी लागते. सप्टेंबर २०२२ मधील अतिवृष्टीत बेळ्ळंदूर परिसर जलमय झाला होता. हे ध्यानात घेऊन विजेची मुख्य पेटी तळघरात न ठेवता उंचावर बसवावी. अर्थिंग आणि विजेचा झटका टाळणारे आरसीसीबी यांत काटकसर करू नये.

तिसरा विचार बिघाडाचा. इंटरनेट बंद पडले तरी दिवे लागले पाहिजेत. त्यासाठी आज्ञा देणारे नियंत्रक घरातच असावे आणि प्रत्येक दिव्याला साधे बटणही असावे. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. आईच्या खोलीत कॅमेरा बसवायचा की नाही, हे मात्र आईला विचारूनच ठरवावे. काळजी आणि पाळत यांतील अंतर यंत्राला कळत नाही. ते माणसांनीच राखायचे असते.

घरातील सर्वांत कमी सराव असलेल्या व्यक्तीला जी यंत्रणा निर्धास्तपणे वापरता येते, तीच खरी उपयुक्त.

शब्दार्थ
संवेदक – बदल टिपणारे उपकरण
गिलावा – भिंतीवरील सिमेंट किंवा चुन्याचा लेप
पाळत – गुप्तपणे ठेवलेले लक्ष

स्वाध्याय
१. खडकवासल्याची दारे आणि टाकी भरताच बंद होणारा पंप यांतील साम्य सांगा.
२. तारांचे नियोजन गिलाव्यापूर्वी का करावे?
३. ‘काळजी आणि पाळत’ यांतील फरक तुमच्या अनुभवाच्या आधारे पाच ओळींत लिहा.