घरातील निकामी उपकरणे आणि माणसांचे हक्क

इस्लाममध्ये अमानतीची कल्पना फार व्यापक आहे. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली रक्कम ही जशी अमानत आहे, तसेच आपले आरोग्य, आपली संपत्ती आणि ही धरतीही अल्लाहने सोपवलेली अमानत आहे. या दृष्टीने घरातील एका दुर्लक्षित गोष्टीकडे पाहू या. माळ्यावरचा जुना टीव्ही, कपाटातला बंद मोबाइल, फुगलेली बॅटरी आपण भंगारात देतो, चार पैसे हाती येतात आणि विषय संपला असे मानतो. आपली जबाबदारी खरोखर तेथेच संपते काय?

या वस्तूंमध्ये तांबे व थोडे सोने असते, तसेच विषही असते. जुन्या टीव्हीच्या जाड काचेत शिसे, सीएफएल दिव्यात पारा आणि काही बॅटऱ्यांत कॅडमियम असते. दिल्लीचे सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे हातावर पोट असलेली कुटुंबे असे भंगार फोडून गुजराण करीत आली आहेत. तांब्यासाठी तारांवरचे प्लास्टिक जाळले जाते, सर्किट बोर्डातील धातूसाठी तेजाब वापरले जाते. तो धूर श्वासात जातो, ते पाणी गटारातून नदीला मिळते. शिशाचा सर्वांत मोठा घात लहान मुलांच्या मेंदूवर होतो. २०२२ साली जगात असा सुमारे ६.२ कोटी टन कचरा निर्माण झाला. त्यातील चौथ्या हिश्श्याहूनही कमी कचऱ्यावर योग्य प्रक्रिया झाल्याची नोंद आहे.

पवित्र कुरआनने धरतीवर बिघाड माजवण्यास मनाई केली आहे (७:५६) आणि उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे बंधू ठरवले आहे (१७:२७). कोणालाही हानी पोहोचवू नये, हे तर प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणुकीतील मूलभूत तत्त्व आहे. प्रेषितांनी (स.) खरा दिवाळखोर कोण हेही समजावून सांगितले आहे: जो नमाज, रोजे व जकात घेऊन अल्लाहपुढे येईल, परंतु ज्यांना त्याने त्रास दिला त्यांना त्याची पुण्याई वाटून दिली जाईल. धुरात खोकणाऱ्या त्या मुलाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. पण म्हणून त्याचा हक्क नाहीसा होत नाही. अजाणतेपणी घडले ते अल्लाह जाणतो. कळल्यानंतरची बेपर्वाई मात्र वेगळी.

तेव्हा कुटुंबाने काय करावे?

पहिली गोष्ट, गरज नसताना नवे घेऊ नये. दुरुस्त होणारी वस्तू दुरुस्त करून वापरावी.

दुसरी, चालू स्थितीतील वस्तू गरजूला द्यावी, किंवा विकताना तिचा दोष सांगावा. वरून कोरडे व आतून ओले धान्य विकणाऱ्याला प्रेषितांनी (स.) बाजारात टोकले होते, हे विसरू नये.

तिसरी, मोबाइल देण्यापूर्वी सिम व मेमरी कार्ड काढावे आणि त्यातील माहिती पूर्ण पुसावी. घरच्यांची छायाचित्रे आणि इतरांचे संदेश हीसुद्धा अमानतच आहे.

चौथी, निकामी वस्तू न फोडता, न जाळता नोंदणीकृत संकलन केंद्राकडे किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे सोपवावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. म्हणून कंपनीच्या सेवा केंद्रातही चौकशी करावी. फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नये; ती पेट घेऊ शकते.

यात भंगारवाल्याचा तिरस्कार नाही. कष्टाची कमाई सन्मानाची आहे. उलट, त्याच्या आणि त्याच्या मुलाबाळांच्या जिवाची काळजी वाहणे हाच या सगळ्याचा हेतू आहे. नोंदणीकृत केंद्रात कदाचित भंगाराइतके पैसे मिळणार नाहीत. त्या थोड्या रुपयांवर पाणी सोडणे जड वाटले, तर आपण ते कोणाच्या आरोग्याच्या मोबदल्यात घेणार होतो, हे आठवावे.

रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा एक भाग आहे. मग असे विष आपल्या हाताने कोणाच्या वाटेत टाकले जाऊ नये, एवढी दक्षता तर आपण घेतलीच पाहिजे. अल्लाह आपणा सर्वांना माणसांचे हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.