हिरवळ कापणाऱ्या यंत्रासाठी वंगणतेलाची निवड

उज्जैन नगरीचे नाव उच्चारताच क्षिप्रेचे घाट, महाकालेश्वराचे शिखर आणि प्राचीन ज्योतिषशास्त्राची परंपरा डोळ्यांसमोर उभी राहते. मराठी माणसाचा या नगरीशी असलेला संबंधही जुना आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांनी येथे आपले ठाणे केले आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराची पुनर्बांधणी केली. सवाई जयसिंहांनी त्याच शतकात उभारलेल्या येथील वेधशाळेची दुरुस्ती १९२३ मध्ये ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी करविली. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी मंदिरालगतचे ‘महाकाल लोक’ हे विस्तीर्ण प्रांगण लोकांसाठी खुले झाले. प्रांगणे, उद्याने, विद्यालये आणि सरकारी कार्यालये यांच्या भोवती हिरवळ राखावयाची म्हणजे ती कापावी लागते. विळ्याने कापण्याचे हे काम आता अनेक ठिकाणी पेट्रोलवर चालणारी यंत्रे करतात.

या यंत्राचे आयुष्य एका साध्या गोष्टीवर अवलंबून असते. ती गोष्ट म्हणजे त्यात घातले जाणारे वंगणतेल. पाते बोथट झाले तर धार लावता येते, चाक मोडले तर बदलता येते. परंतु चुकीच्या तेलाने किंवा तेलाच्या अभावी इंजिन एकदा जाम झाले की दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीजवळ जातो. यंत्र शाळेचे वा ग्रामपंचायतीचे असेल, तर हा भुर्दंड अखेर गावावर पडतो. पुष्कळशी कोळपणी यंत्रे, फवारणी यंत्रे आणि लहान पाणउपसा संच यांची इंजिनेही याच जातीची असतात. म्हणून हा विषय केवळ माळ्याचा नसून शेतकऱ्याचाही आहे.

तेलाचे कार्य

इंजिनातील दट्ट्या मिनिटाला सुमारे तीन हजार वेळा वरखाली होतो. धातूवर धातू घासू नये म्हणून त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असावा लागतो. घर्षण कमी करणे हे तेलाचे पहिले काम होय. उष्णता वाहून नेणे, काजळी व धातूचे सूक्ष्म कण आपल्यात सामावून घेणे, दट्ट्याच्या कड्या व सिलिंडर यांमधील फट बंद ठेवणे आणि आतील भागांना गंज चढू न देणे ही त्याची इतर कामे.

मोटारगाडीचे इंजिन सहसा पाण्याने थंड होते, त्यात तेलाचा पंप असतो आणि तेल गाळण्याची सोय असते. हिरवळ कापणाऱ्या बहुतेक लहान यंत्रांत यांपैकी काहीच नसते. इंजिन केवळ वाऱ्याने थंड होते. तळाशी साठलेले तेल एका फिरत्या पळीने उडवून सर्व भागांवर शिंपडले जाते. गाळणी नसल्याने आत गेलेली धूळ तेल बदलेपर्यंत आतच फिरत राहते. तेलाचा साठाही पुष्कळदा अर्ध्या लिटरच्या आसपासच असतो. इतक्या थोड्या तेलाकडून इतके काम घ्यावयाचे असल्याने निवड काळजीपूर्वक करणे आवश्यक ठरते.

प्रथम इंजिनाची जात ओळखावी

तेल विकत घेण्यापूर्वी इंजिन चार फेऱ्यांचे आहे की दोन फेऱ्यांचे, हे पाहावे. बाजारात यांना फोर-स्ट्रोक व टू-स्ट्रोक म्हणतात. फोर-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल एका टाकीत आणि तेल इंजिनाच्या तळाशी स्वतंत्रपणे घालतात. त्याला तेल भरण्याचे वेगळे बूच असते. टू-स्ट्रोक इंजिनात असे बूच नसते. तेथे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. खांद्याला अडकवून चालविण्याची गवत कापणी यंत्रे पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारची असतात.

टू-स्ट्रोक इंजिनासाठी ‘टू-टी’ असे लिहिलेले खास तेलच वापरावे. मिश्रणाचे प्रमाण यंत्राच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ते २५ भाग पेट्रोलला १ भाग तेल असे असल्यास एक लिटर पेट्रोलमध्ये ४० मिलिलिटर तेल घालावे. ५० भागांस १ भाग असल्यास २० मिलिलिटर पुरे होते. तेल कमी पडल्यास दट्ट्या सिलिंडरला चिकटतो. अधिक झाल्यास धूर होतो आणि ठिणगीच्या प्लगवर काजळी धरते. अंदाजाने ओतण्याची सवय सोडून मापाचा पेला वापरावा. टू-स्ट्रोक इंजिनात नुसते पेट्रोल घालून यंत्र चालविणे म्हणजे ते हाताने मोडण्यासारखेच आहे.

डब्यावरील दोन खुणा

फोर-स्ट्रोक इंजिनाच्या तेलाच्या डब्यावर दोन खुणा मुख्यतः पाहाव्यात. पहिली खूण दाटपणाची. ‘एस.ए.ई.’ या अक्षरांपुढे ३०, ४०, १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४० असे अंक असतात. एस.ए.ई. ही अमेरिकेतील मोटार अभियंत्यांची संस्था १९०५ मध्ये स्थापन झाली आणि तेलाच्या दाटपणाची तिची वर्गवारी पुढे जगभर रूढ झाली. अंक जितका मोठा तितके तेल दाट.

घरातील तूप थंडीत थिजते आणि उन्हाळ्यात पाण्यासारखे वाहते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. इंजिनाचे तेलही असेच हवामानाप्रमाणे बदलते. अति दाट तेल थंड सकाळी हलत नाही, त्यामुळे यंत्र सुरू होण्यास कष्ट पडतात आणि पहिली काही क्षणे आतील भाग कोरडे घासतात. अति पातळ तेल उष्णतेत अधिकच पातळ होते, त्याचा पापुद्रा तुटतो आणि तेल जळू लागते. १०डब्ल्यू-३० यातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर होय. असे तेल थंडीत पातळ तेलाप्रमाणे वागते आणि इंजिन तापल्यावर ३० क्रमांकाच्या तेलाइतका दाटपणा टिकविते.

दुसरी खूण गुणवत्तेची. ‘ए.पी.आय.’ या अक्षरांपुढे दोन अक्षरे असतात. त्यांतील पहिले अक्षर ‘एस’ असल्यास तेल पेट्रोल इंजिनासाठी असते. ‘सी’ असल्यास डिझेल इंजिनासाठी. ‘एस’ नंतरचे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे तितका दर्जा नवा. एसए आणि एसबी हे आरंभीचे दर्जे आजच्या इंजिनांस चालत नाहीत. पुस्तिकेत एसएफ वा एसजे असे लिहिले असेल, तर तो दर्जा किंवा त्यापुढचा घ्यावा. काही तेलांवर ‘एस’ व ‘सी’ हे दोन्ही वर्ग छापलेले असतात. अशा तेलावर पुस्तिकेत सांगितलेला पेट्रोलचा दर्जा असल्यास ते चालू शकते.

उज्जैनच्या हवामानाचा धडा

उज्जैन हे माळव्याच्या पठारावर, कर्कवृत्ताच्या थोडेसे दक्षिणेस वसले आहे. तेथे मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो, तर जानेवारीच्या रात्री तो १० अंशांच्या खाली उतरतो. एकाच गावी ऋतूंमध्ये एवढा फरक असल्याने तेलाची निवड शिकण्यास हे ठिकाण उत्तम उदाहरण आहे.

१. पावसाळा : गवत वाढते ते मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात, आणि यंत्रालाही याच दिवसांत सर्वाधिक काम पडते. या उबदार हवेत एस.ए.ई. ३० हे साधे तेल लहान इंजिनांस चांगले मानवते.

२. उन्हाळा : या ऋतूतही एस.ए.ई. ३० योग्य. कडक उन्हात १०डब्ल्यू-३० वापरल्यास तेल अधिक जळण्याचा संभव असतो, म्हणून पातळी वारंवार तपासावी लागते. पुस्तिकेत परवानगी असल्यास २०डब्ल्यू-४० वापरता येते.

३. हिवाळा : थंड पहाटे यंत्र चालवावयाचे असल्यास १०डब्ल्यू-३० सोयीचे. काम दुपारी करावयाचे असेल तर ३० क्रमांकाचे तेलही चालते.

हाच विचार महाराष्ट्रातही लागू पडतो. विदर्भ व खानदेशातील हवामान या बाबतीत माळव्याच्या जवळचे आहे. कोकणात कडाक्याची थंडी पडत नाही, तेथे एस.ए.ई. ३० वर्षभर पुरते. महाबळेश्वरासारख्या थंड ठिकाणी हिवाळ्यात १०डब्ल्यू-३० ची गरज भासते. तथापि यंत्राच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल त्याचा शब्द अखेरचा मानावा.

टाळावयाच्या चुका

केवळ स्वस्त म्हणून सुटे तेल घेऊ नये. जुने तेल गाळून रंग पालटल्याने ते नवे होत नाही. गिअरपेटीचे तेल दाट असते म्हणून ते इंजिनास चांगले, ही समजूत चुकीची आहे. त्यातील द्रव्ये वेगळ्या कामासाठी असतात. तेल गरजेपेक्षा जास्त भरणेही घातक होय. जादा तेल घुसळले जाऊन त्यास फेस येतो, धूर निघतो आणि हवेची गाळणी तेलाने भिजते.

तेल तपासणे व बदलणे

रोज काम सुरू करण्यापूर्वी यंत्र सपाट जागी, इंजिन थंड असताना ठेवून मोजपट्टी पुसून पातळी पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. मोजपट्टीचे बूच फिरवून बसवून पाहावयाचे की नुसते टेकवून, याबाबत प्रत्येक उत्पादकाची सूचना निराळी असते, ती वाचावी. तीव्र उतारावर यंत्र चालविल्यास तेल एका बाजूस जाते आणि फिरती पळी कोरडी पडते, हेही ध्यानात ठेवावे.

नव्या यंत्राचे पहिले तेल लवकर बदलावे लागते, कारण त्यात नव्या भागांचे झिजलेले कण असतात. काही उत्पादक पाच तासांनंतर, तर काही वीस तासांनंतर ते बदलण्यास सांगतात. पुढे अनेक लहान इंजिनांस दर ५० तासांनी नवे तेल लागते. धुळीच्या जागी ही मुदत निम्म्यावर आणणे शहाणपणाचे. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात उडते तेव्हा हवेच्या गाळणीकडेही तितकेच लक्ष हवे. तेल काळे झाले म्हणजे ते निकामी झाले असे नव्हे. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. म्हणून रंगावर विसंबून न राहता तासांचा हिशेब ठेवावा. एका वहीत तारीख, चालविलेले तास आणि तेल बदलल्याची नोंद करावी. यंत्र एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते तेव्हा ही वहीच त्याची खरी राखण करते.

तेल बदलताना इंजिन थोडे चालवून कोमट करावे आणि नंतर बंद करावे. हात पात्याजवळ नेण्यापूर्वी ठिणगीच्या प्लगची वायर काढून बाजूस ठेवावी. ही काळजी कधीही चुकवू नये.

जुन्या तेलाची विल्हेवाट

काढलेले तेल नाल्यात, विहिरीजवळ किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. उज्जैनचा नाला क्षिप्रेस मिळतो. ज्या नदीला प्रवाह राहावा म्हणून २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी आणले गेले आणि जिच्या काठी सिंहस्थाला लक्षावधी भाविक स्नान करतात, तिच्या पाण्यावर तेलाचा तवंग पसरविणे कोणासही शोभणारे नाही. प्रत्येक गावाची नदी ही त्या गावाची क्षिप्राच होय. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोहोचेल अशी व्यवस्था करावी. गॅरेज किंवा तेलाचे विक्रेते यांच्याकडे याची चौकशी करता येते.

योग्य तेलास फार मोठा खर्च येत नाही. डब्यावरील दोन खुणा वाचणे, तास मोजणे आणि जुने तेल जपून साठविणे एवढीच सवय लावून घ्यावयाची आहे. ज्या शाळेत वा ग्रामपंचायतीत ही सवय रुजेल, तेथील यंत्र पुढील अनेक पावसाळे हिरवळ राखील.

अभ्यासासाठी प्रश्न

१. यंत्र आठवड्यातून तीन दिवस, दररोज दोन तास चालते. ५० तासांचा हिशेब धरल्यास तेल साधारण किती आठवड्यांनी बदलावे? जागा धुळीची असल्यास किती आठवड्यांनी?

२. पाच लिटर पेट्रोलमध्ये २५ भागांस १ भाग या प्रमाणाने किती तेल मिसळावे लागेल?

३. आपल्या गावातील सर्वांत थंड व सर्वांत उष्ण महिना कोणता? त्या महिन्यांत कोणत्या अंकाचे तेल योग्य ठरेल?

४. आपल्या गावात वापरलेल्या तेलाचे काय होते, याची माहिती मिळवून वर्गात सांगा.