नळाच्या पाण्याची उलटी वाट
(अभ्यास-लेख : इयत्ता आठवी ते दहावी, भूगोल व विज्ञान)



गेल्या महिन्यात नववीच्या वर्गावर मी एक तास घेतला. सुरुवातीलाच विचारले, "आपल्या घरी नळाला पाणी कुठून येते?" कोणी म्हणाले टाकीतून, कोणी म्हणाले नगर निगमकडून. मागच्या बाकावरून एक उत्तर आले, "नर्मदेतून, मॅडम." शाबास म्हटले आणि दुसरा प्रश्न विचारला, "मग नर्मदा इंदूरच्या वर आहे की खाली?" वर्ग शांत झाला. खरे सांगायचे तर हाच प्रश्न मी मोठ्यांच्या बैठकीतही विचारून पाहिला आहे. तिथेही अशीच शांतता होती.

सहलीचा विषय निघाला की मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर ही नावे दर वर्षी येतात. आता त्यांत वॉटर पार्कची भर पडली आहे. ही ठिकाणे वाईट नाहीत. पण आपल्या घरापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर अशा जागा आहेत, जिथे जाऊन आपण रोज पितो त्या पाण्याची गोष्ट डोळ्यांनी पाहता येते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे आपले झाले आहे. ही गोष्ट तीन टप्प्यांत पाहू.

पहिला टप्पा : जानापाव, जिथे पाणी वेगळे होते

मी पदवीपर्यंत हिंदी माध्यमात शिकले. 'जलविभाजक' हा शब्द तिथे पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि विसरले. घरी आजी मात्र अंगण सारवून घेताना म्हणायची, "पाणढाळ नीट ठेव गं, नाहीतर पाणी घरात येईल." या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध आहे हे मला कळले ते जानापावच्या माथ्यावर उभी राहिल्यावर.

जानापावचा डोंगर महूच्या पुढे, आग्रा-मुंबई रस्त्यापासून थोडा आत आहे. उंची समुद्रसपाटीपासून साडेआठशे मीटरांहून अधिक. माथ्यावर जमदग्नी ऋषींचे व परशुरामाचे स्थान आहे, कुंड आहे आणि कार्तिक पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. इथून साडेसात नद्या निघतात असे लोक सांगतात. भाविक दर्शन घेऊन परततात. आपण तिथे दहा मिनिटे जास्त थांबायचे आणि उत्तरेकडे व दक्षिणेकडे आळीपाळीने पाहायचे.

उत्तरेकडे माळव्याचे पठार आहे. त्या बाजूला चंबळ आणि गंभीर निघतात. गंभीर शिप्रेला मिळते, शिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला, आणि ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. दक्षिणेकडे विंध्याचा कडा आहे. त्या अंगाने चोरल, कारम अशा नद्या निमाडात उतरून नर्मदेला मिळतात आणि ते पाणी भडोचजवळ अरबी समुद्राच्या खंबातच्या आखातात जाते. म्हणजे एकाच डोंगरावर, एकाच ढगातून पडलेल्या दोन थेंबांपैकी एक देशाच्या पूर्वेला जातो, दुसरा पश्चिमेला. जलविभाजक म्हणतात तो हाच.

आपले इंदूर उत्तरेच्या उतारावर आहे. राजवाड्याजवळून वाहणारी कान्ह नदी शिप्रेकडे जाते. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. इंदूर शहरात पडलेल्या पावसाचा थेंब आपल्या उताराने नर्मदेत कधीच जात नाही. मग नर्मदा आपल्या नळात कशी? ते तिसऱ्या टप्प्यात पाहू.

वर्गात करून पाहा : एक जाड वर्तमानपत्र आडव्या काठीवर घडी घालून ठेवा आणि वरून हाताने पाणी शिंपडा. घडीच्या रेषेजवळ पडलेले थेंब कोणत्या बाजूला जातात ते मोजा. ती रेषा म्हणजे जानापाव.

दुसरा टप्पा : पाताळपाणी आणि कालाकुंड, जिथे पाणी उतरते

महूपासून जवळच पाताळपाणी येथे चोरल नदी पठाराची कड सोडून खाली उडी घेते. धबधब्याच्या बाजूचा काळा खडक नीट पाहा. तो बसाल्ट आहे, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरलेला लाव्हा. सह्याद्रीचे कडे याच खडकाचे आणि आपली काळी कपाशीची माती याच खडकाची झीज होऊन बनलेली. ज्यांची पाळेमुळे पुण्या-साताऱ्याकडची आहेत, त्यांच्या आजोळचा दगड आणि आपल्या माळव्याचा दगड एकच आहे.

पाताळपाणीपासून कालाकुंडपर्यंत मीटर गेजची जुनी रेल्वे घाटातून, बोगद्यांतून उतरते. १८७० च्या दशकातला हा इंदूर-खंडवा मार्ग. त्यासाठी महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. आमच्याकडे अकोल्याचे नातेवाईक याच छोट्या गाडीने येत आणि कालाकुंडचा कलाकंद पळसाच्या पानावर घेऊन येत. महूपासून पुढची मीटर गेजची नियमित सेवा २०२३ च्या सुरुवातीला बंद झाली. पाताळपाणी-कालाकुंड हा घाटाचा तुकडा मात्र डिसेंबर २०१८ पासून वारसा गाडीसाठी वापरला जाऊ लागला. तिचे दिवस आणि वेळा बदलत असतात, म्हणून जाण्याआधी चौकशी करावी. स्टेशनाजवळ टंट्या भिल्लाचे स्थान आहे. गरिबांचा 'टंट्या मामा' म्हणून निमाडात आजही त्याचे नाव आदराने घेतात. इंग्रजांनी त्याला १८८९ मध्ये जबलपूरला फाशी दिली.

आता या टप्प्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती माझ्या चुकीची आहे, म्हणून मीच सांगते.

२००४ च्या ऑगस्टमध्ये मी आठवीच्या मुलांना पाताळपाणीला घेऊन गेले होते. तेव्हा मी शिक्षिका म्हणून नवीन होते. माथ्यावर ऊन पडले होते, पाणी घोट्याएवढे होते. मुले म्हणाली, "मॅडम, पलीकडच्या खडकावर जाऊ?" मी हो म्हटले. अठरा मुले प्रवाहाच्या मधल्या खडकावर बसून डबे उघडत होती. काठावर बकऱ्या चारणारे एक म्हातारे बाबा होते. ते ओरडले, "मैडमजी, बच्चों को बाहर ले लो, पानी का रंग बदल रहा है!" मी पाहिले. पाणी किंचित गढूळ दिसत होते, इतकेच. त्यांचा आवाज ऐकून मी मुलांना उठवले, पण मनात म्हटले, बाबा उगीच घाबरवत आहेत. शेवटचा मुलगा काठावर आला आणि त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांत तो खडक दिसेनासा झाला. सहा डबे आणि एक चप्पल वाहून गेली. मी त्या बाबांचे नावही विचारले नाही, आभार मानायचेही मला सुचले नाही. परतीच्या बसमध्ये मुले गाणी म्हणत होती आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

पुढे जुलै २०११ मध्ये याच धबधब्यावर अचानक आलेल्या लोंढ्यात सहलीला आलेल्या एका कुटुंबातले पाच जण अडकून वाहून गेले. ते सगळे परत आले नाहीत. ती दृश्ये टीव्हीवर दाखवली तेव्हा मी संच बंद केला. माझ्या अठरा मुलांत आणि त्या कुटुंबात फरक होता तो एका बकऱ्या चारणाऱ्या माणसाच्या नजरेचा.

हे असे का होते, याचे उत्तर पहिल्या टप्प्यातच आहे. धबधब्यावर ऊन असले तरी नदीचे पाणलोट क्षेत्र मागे पठारावर पसरलेले असते. तिकडे जोराचा पाऊस झाला की सगळ्या नाल्यांचे पाणी एकाच अरुंद पात्रात गोळा होते. खडकाळ जमीन फारसे पाणी मुरवत नाही, म्हणून लोंढा लवकर येतो. तो येण्याआधी पाणी चार खुणा देते, त्या पाठ करा :

१. स्वच्छ पाणी गढूळ होते.
२. पाने, काटक्या, फेस वाहून येऊ लागतो.
३. पाण्याचा आवाज वाढतो किंवा बदलतो.
४. काठावरचा कोरडा दगड ओला होऊ लागतो.

यांपैकी एक जरी खूण दिसली तरी सामान तिथेच सोडून उंच जागी जायचे. डबा दुसरा मिळतो. पावसाळ्यात प्रवाहाच्या मध्ये जायचेच नाही, कठडा ओलांडायचा नाही, शेवाळलेल्या खडकावर फोटोसाठी उभे राहायचे नाही. आणि स्थानिक माणूस काही सांगत असेल तर त्याचे आधी ऐकायचे, शंका नंतर विचारायची.

तिसरा टप्पा : जाम घाट आणि जलूद, जिथे पाणी परत चढते

महूहून मंडलेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर घाटमाथ्याशी जाम दरवाजा आहे. तो अहिल्याबाईंच्या काळातला. दरवाजातून दक्षिणेकडे पाहिले की जमीन एकदम खाली जाते आणि निमाडचा सखल प्रदेश दिसतो. वर्गात दोन रंगांत काढतो तो नकाशा इथे पायाखाली असतो.

घाट उतरून मंडलेश्वरजवळ जलूद येथे नर्मदेच्या काठी इंदूरची पाणी योजना आहे. पूर्वी शहराची तहान यशवंत सागर, बिलावली अशा तलावांवर भागत असे. यशवंत सागर हा गंभीर नदीवरचा, म्हणजे जानापावच्या उत्तर उताराचे पाणी. शहर वाढले, ते पुरेनासे झाले. १९७० मध्ये 'नर्मदा इंदूरला आणा' म्हणून शहरातल्या नागरिकांनी आंदोलन केले. त्यात अभ्यास मंडळासारख्या संस्था पुढे होत्या आणि आपल्या मराठी मंडळींचाही त्यात मोठा वाटा होता. १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी इंदूरला पोहोचले. तेव्हापासून दक्षिणेकडे वाहून जाणारे पाणी आपण पाचशे मीटरांहून अधिक उंच चढवून, विंध्य ओलांडून, सुमारे सत्तर किलोमीटर दूर आणतो. चोरल जो कडा एका उडीत उतरते, तोच कडा हे पाणी पंपांच्या जोरावर टप्प्याटप्प्याने चढते.

याची किंमत किती, ते गणिताने पाहा. २० लिटरची एक बादली ५०० मीटर उंच न्यायला २० × ९.८ × ५०० = ९८,००० जूल ऊर्जा लागते. तेवढ्या ऊर्जेवर १० वॅटचा एलईडी दिवा पावणेतीन तासांच्या आसपास चालेल. पंपांतली आणि नळांतली घट वेगळीच. अंगण धुताना आपण पाच बादल्या सहज ओततो. विजेचा दिवा विनाकारण चालू राहिला तर घरात आई रागावते. नळ वाहत राहिला तरी तितकेच रागावायला हवे.

पालक व विश्वस्तांना विनंती

२००४ नंतर मी नदी-डोंगराच्या सहली जवळजवळ बंद केल्या. मुलांना बागेत आणि प्रदर्शनात नेले. त्यात धोका नव्हता, म्हणून कोणी तक्रार केली नाही. पण आता वाटते की ती माझी दुसरी चूक होती. आपली मुले दहावीनंतर मित्रांबरोबर मोटारसायकलवर याच धबधब्यांवर जातात. तेव्हा सोबत शिक्षक नसतो, पालक नसतात, आणि पाणी ओळखायला आपण त्यांना शिकवलेलेही नसते.

म्हणून या वर्षी मी विश्वस्त मंडळापुढे असा प्रस्ताव ठेवत आहे : नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या दिवसांत जानापाव ही एक सहल, जाम घाट-जलूद ही दुसरी. जलूदचा प्रकल्प आतून पाहण्यासाठी आधी लेखी परवानगी घेऊ. पाताळपाणी पावसाळ्यात पाहायचे ते फक्त कठड्याच्या अलीकडून. दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस, प्रथमोपचाराची पेटी, आणि गावातला एक माहितगार सोबत. त्या माहितगाराला योग्य मानधन द्यावे आणि त्याचे नाव विचारून घ्यावे, एवढा माझा आग्रह आहे.

स्वाध्याय

१. आपल्या गल्लीतले पावसाचे पाणी कोणत्या नाल्याला, तो नाला कोणत्या नदीला मिळतो? समुद्रापर्यंतची साखळी लिहा.
२. घरातल्या वडील माणसांना विचारा : १९७८ च्या आधी घरी पाणी कसे भरत? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.
३. आपल्या घरी एका दिवसात किती बादल्या पाणी लागते ते मोजा आणि ते ५०० मीटर चढवायला लागणारी ऊर्जा काढा.
४. पाण्याच्या चार खुणा न पाहता सांगा.

चौथा प्रश्न मी प्रत्येकाला तोंडी विचारणार आहे. त्याचे उत्तर आल्याशिवाय सहलीच्या यादीत नाव लागणार नाही, मग बाकीचे गुण कितीही असोत.

आपली,
प्राचार्या