अतिदक्षता विभागातील आठवणी आणि रुग्णाची श्रद्धा

अतिदक्षता विभागातून, म्हणजे बोलीभाषेतील आयसीयूतून, घरी परतलेल्या रुग्णाच्या मनात तेथील दिवसांविषयी ज्या आठवणी उरतात, त्या साधारणपणे तीन प्रकारच्या असतात. काही प्रत्यक्ष घडलेल्या घटनांच्या असतात, काही तहान, वेदना वा गुदमरण्यासारख्या नुसत्या संवेदनांच्या असतात, आणि काही अशा असतात की त्यांतील दृश्य खाटेजवळ उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणालाही दिसलेले नसते. दारात उभे राहिलेले यमदूत, डोक्यावरून हात फिरवणारी दिवंगत आई, समोर प्रकटलेले कुलदैवत, किंवा परिचारिका आपल्याला विष टोचत असल्याची पक्की खात्री ही या तिसऱ्या प्रकाराची उदाहरणे असून वैद्यकशास्त्र त्यांना भ्रमजन्य आठवणी म्हणते. ऐकणाऱ्याला त्या असंभाव्य वाटल्या, तरी रुग्णाच्या मनात बहुधा त्याच सर्वांत ठळक राहतात. आणि लोक आपल्याला वेड्यात काढतील या धास्तीने तो नेमक्या त्यांविषयीच गप्प बसतो. ही गप्प राहण्याची वेळ त्याच्यावर येऊ न देणे, हे कुटुंबीयांचे पहिले काम होय.

यवतमाळ जिल्ह्यात हा विषय अधिक निकडीचा ठरतो. २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील शेकडो शेतकरी व शेतमजूर रुग्णालयांत दाखल झाले, वीसहून अधिक जण दगावले, आणि गंभीर रुग्णांचा मोठा भार यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयावर पडला. अशा विषबाधेत वारंवार आढळणारी ऑर्गेनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके शरीरातील कोलिनेस्टरेज नावाचे विकर निकामी करतात, त्यामुळे मज्जातंतूंचे संदेश पोहोचवणारे अ‍ॅसिटिलकोलीन हे द्रव्य साचत जाते, आणि रुग्णाच्या तोंडाला फेस येणे, बाहुल्या बारीक होणे, छाती भरून येणे ही लक्षणे दिसू लागतात. त्यावर दिले जाणारे अ‍ॅट्रोपिन हे औषध प्राण वाचवते. परंतु ते मेंदूतही पोहोचत असल्याने मोठ्या मात्रेत रुग्णाला भ्रम होतो, त्याच्या बाहुल्या विस्फारतात, उजेड सहन होत नाही आणि जवळचे नीट दिसत नाही. असा रुग्ण हवेतून न दिसणारे धागे वेचू लागतो, चादरीची टोके चिमटीत धरून ओढतो, आणि खोलीत नसलेल्या माणसाशी बोलतो. ज्याने आयुष्यभर कापूस वेचला, त्याची बोटे त्या अवस्थेतही वेचणीची हालचाल करताना पाहून नातेवाइकांच्या काळजाचे पाणी होते, आणि घरात ‘बाहेरचे’ काही लागल्याची कुजबुज सुरू होते.

काही रुग्णांमध्ये विषबाधेनंतर साधारण १ ते ४ दिवसांच्या काळात मानेचे, हातापायांचे व श्वसनाचे स्नायू ढिले पडतात आणि व्हेंटिलेटरची, म्हणजे कृत्रिम श्वास देणाऱ्या यंत्राची, गरज भासते. या स्थितीत शुद्ध शाबूत असूनही रुग्णाला हालचाल करता येत नाही, हे नातेवाइकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे अनेक महिने छळणारी आठवण अशा वेळी खाटेशेजारी निष्काळजीपणे बोललेल्या एखाद्या वाक्याचीही असू शकते.

अतिदक्षता विभागातील भ्रमावस्था, जिला खेड्यापाड्यांत ‘वात झाला’ असे म्हणतात, ती केवळ विषबाधेपुरती मर्यादित नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरणे, प्राणवायूची कमतरता, गुंगीची औषधे, झोपमोड, रात्रंदिवस जळणारे दिवे आणि यंत्रांचे इशारे या सर्वांमुळे ती उद्भवते, आणि व्हेंटिलेटरवरील रुग्णांत तर ती फारच मोठ्या प्रमाणावर आढळते. मेंदू तुटक संवेदनांना जोडून त्यांची गोष्ट बनवत असतो, आणि त्या गोष्टीतील पात्रे रुग्णाच्या श्रद्धेच्या जगातून येतात. सत्वंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ साली उत्तर भारतातील १६ व्यक्तींचे मृत्यूसमीप अनुभव प्रसिद्ध केले. त्यांत यमदूतांनी नेले, पण चूक झाल्याचे उघडकीस येऊन परत पाठवले, असे वर्णन पुन्हा पुन्हा येते, जे अमेरिकेतील वर्णनांत सहसा आढळत नाही. नेदरलँड्समध्ये पिम व्हॅन लोमेल आणि सहकाऱ्यांनी हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या ३४४ रुग्णांची पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांपैकी ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, असा काही अनुभव सांगितला. हे अनुभव येतात, त्यांचे रूप संस्कृतीनुसार बदलते, आणि त्यांमागे मेंदूच्या अवस्थेचा वाटा आहे, इतके निश्चित म्हणता येते. परंतु दिवंगत आईच्या हाताने ज्याला धीर आला, त्याच्यासाठी त्या स्पर्शाचे मोल रक्तातील प्राणवायूची पातळी सांगून कमी होत नाही, आणि डॉक्टरांनी ते कमी करण्याच्या फंदात पडूही नये.

म्हणून रुग्ण असे काही सांगू लागला की ‘असं काही नसतं’ म्हणून त्याला तोडू नये, आणि ‘देवच आला होता’ असे म्हणून त्या अनुभवावर घाईने शिक्काही मारू नये. मग काय झाले, तेव्हा भीती वाटली की बरे वाटले, आता ते आठवले की काय होते, असे साधे प्रश्न विचारावेत. अनुभव सुखाचा असेल तर तो रुग्णाचा आधार आहे, तो त्याच्यापाशी राहू द्यावा. तो भीतीचा असेल, तर आजारात व औषधांनी असे होऊ शकते, अनेकांना होते, आणि ते वेडाचे वा करणीचे लक्षण नव्हे, हे शांतपणे सांगावे. भ्रमावस्थेतील वा तिच्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाला भगताकडे नेऊन धुरी देणे, बांधणे वा मारणे हे त्याच्या जिवावर बेतू शकते. भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारे असे प्रकार महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही ठरवले आहेत.

श्रद्धेला मात्र खाटेजवळ जागा आहे. ओळखीच्या आवाजात हळू म्हटलेली प्रार्थना, मग ती राष्ट्रसंतांची सामुदायिक प्रार्थना असो, गजानन महाराजांचे नामस्मरण असो, सेवालाल महाराजांचे भजन असो वा कुराणातील आयत असो, भ्रमात हरवलेल्या माणसाला आपण कोण व कोणाचे, याची खूण पटवते. उशाशी तसबीर ठेवण्यास बहुतेक ठिकाणी हरकत नसते, परंतु परिचारिकेला विचारूनच ती ठेवावी. उदबत्ती वा दिवा लावणे प्राणवायूच्या सान्निध्यात आगीला निमंत्रण देणारे असल्याने ते कदापि करू नये. तीर्थ वा अंगारा रुग्णाच्या तोंडात घातल्यास तो श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, तेव्हा तो कपाळावर लावून भागवावे. आणि मनगटावरील गंडादोरा सुईच्या जागी येत असेल, तर तो कापून टाकण्याऐवजी सोडून दुसऱ्या हाताला बांधण्याची विनंती करावी, कारण जागा झाल्यावर रुग्ण तो शोधतो. चष्मा व श्रवणयंत्र परत देणे, दिवस-वार-गाव पुनःपुन्हा सांगणे, रात्री उजेड कमी करण्याची विनंती करणे, हे तर भ्रम आटोक्यात ठेवण्याचे सिद्ध उपाय आहेत.

रुग्णाच्या आठवणींतील पोकळी भरून काढण्यासाठी नातेवाइकांनी एक साधी वही ठेवावी. युरोपातील काही देशांत परिचारिका व नातेवाईक मिळून अशी रोजनिशी लिहितात. क्रिस्टिना जोन्स आणि सहकाऱ्यांनी ६ देशांतील ३५२ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, ज्यांना महिनाभरानंतर रोजनिशी मिळाली त्यांच्यात आघातोत्तर तणावविकार नव्याने उद्भवण्याचे प्रमाण ५ टक्के, तर ज्यांना ती तोवर मिळाली नव्हती त्यांच्यात सुमारे १३ टक्के आढळले. आघातोत्तर तणावविकार म्हणजे भयंकर प्रसंग जणू पुन्हा घडतो आहे अशा तऱ्हेने तो आठवत राहणे, झोप उडणे आणि त्या प्रसंगाशी निगडित सर्व गोष्टी टाळणे. वहीत साहित्यिक काही लिहायचे नसते. ‘मंगळवार, संध्याकाळ. घशात नळी असल्याने बोलता येत नव्हते. नळी ओढली म्हणून डॉक्टरांनी हात कापडी पट्टीने बांधले. ताई येऊन पाय दाबून गेली. बाहेर पावसाची झड लागली होती.’ एवढे पुरते. ज्याला आपल्याला दैत्यांनी जखडले होते असे आठवते, त्याला ते हात कोणी व कशासाठी बांधले होते हे या चार ओळींतून कळते, आणि दैत्यांची पकड सैल होते. लिहिता न येणाऱ्या नातेवाइकाने हेच शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहून घ्यावे.

ज्या रुग्णाने स्वतःहून विष घेतलेले असते, त्याच्या बाबतीत अधिक जपावे लागते. ‘देवाने परत पाठवले’ ही भावना त्याला जगण्याचे कारण देऊ शकते, तर ‘देवानेही नाकारले’ ही भावना पुन्हा त्याच वाटेने नेऊ शकते. म्हणून पाप, कर्मभोग असे शब्द त्याच्यासमोर उच्चारू नयेत आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट झाल्याशिवाय त्याला घरी नेण्याची घाई करू नये. टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही मराठीतून बोलता येते.

भीतीदायक आठवणी, दुःस्वप्ने वा दचकणे महिनाभरानंतरही कमी होत नसेल, तर रुग्णाला मानसोपचार विभागात दाखवावे. फवारणीच्या विषबाधेतून वाचलेल्या माणसाला पुढच्या हंगामात औषधाच्या नुसत्या वासानेही छातीत धडधड होऊन ते सारे दिवस डोळ्यांपुढे उभे राहू शकतात; त्याला भित्रा म्हणून हिणवून पंप पाठीवर देऊ नये, आणि कोलिनेस्टरेजची पातळी पूर्ववत होण्यास काही आठवडे ते महिने लागत असल्याने, रक्ततपासणी करून डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत त्याला फवारणीच्या शेतात पाठवूच नये.